बोटाची लांबी आणि हाताचं काम

यंत्रात बोट गेलं तर कामगाराची कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटली असं धरायचं, याचा एक तक्ता १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात दिला होता. अंगठ्याला ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, तिचं एकच पेर गेलं तर ९ आणि हाड शाबूत राहून नुसता शेंडा उडाला तर ५. मधल्या बोटाच्या शेंड्याला ४, अनामिकेच्या किंवा करंगळीच्या शेंड्याला २. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. पुढे कर्मचारी राज्य विमा कायद्यानंही हेच आकडे घेतले. हा तक्ता बोट पेरापेरानं मोजतो. किती उरलं एवढंच त्याला ठाऊक असतं, उरलेल्या बोटाला काय कळतं आणि ते किती वाकतं हे नाही.

हात मात्र लांबीवर चालत नाही. पूर्ण लांबीचं पण बधिर, ताठ राहिलेलं बोट मुठीच्या आड येतं. पाना धरताना ते मध्ये अडकतं, खिशात हात घालताना दुखावतं आणि माणूस शेवटी ते बाजूला ठेवून उरलेल्या बोटांनी काम करायला शिकतो. उलट, एक पेर कमी असलेलं पण स्पर्श कळणारं आणि न दुखणारं बोट काही महिन्यांत पुन्हा नट फिरवू लागतं. हाताच्या शस्त्रक्रियेचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास लांबी राखण्याकडून काम परत मिळवण्याकडे येत गेला आहे. हे शहाणपण आपल्याकडे काही शल्यचिकित्सकांपर्यंत पोचलं, पण रुग्ण, त्याचे नातेवाईक, कारखानदार आणि भरपाई ठरवणारी यंत्रणा यांच्यापर्यंत अजून नीट पोचलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

जखमा होतात कुठे, ते आधी पाहू. पुण्याजवळच्या भोसरी, चाकण, तळवडे या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांत पत्रा कापणाऱ्या आणि दाबणाऱ्या पॉवर प्रेस चालतात. डायमधला तुकडा हातानं काढायचा आणि त्याच वेळी पायाशी पॅडल. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' या नावानं अहवाल काढते आहे. वाहनउद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत जखमी होणाऱ्यांची बोटंच मोठ्या प्रमाणावर चिरडली जातात आणि त्यामागचं सर्वांत मोठं कारण पॉवर प्रेस आहे, हे या अहवालांतून वर्षानुवर्षं पुढे येतं आहे. गावात कडबाकुट्टी आणि मळणी यंत्र. मळणी यंत्रांच्या अपघातांसाठी तर १९८३ साली धोकादायक यंत्रांचा वेगळा केंद्रीय कायदा करावा लागला. रसवंतीच्या चरकात हात ओढला जातो तेव्हा कातडी मुळापासून सोलून निघते. टेम्पोतून उडी मारताना अंगठी कशात तरी अडकली, तरी तेच होतं. आणि घराघरात, लहान मुलांची बोटं दारात चेमटतात.

बहुतेक जखमा शेंड्याच्याच असतात, म्हणून त्यांच्यापाशी थोडं जास्त थांबतो. बोटाच्या टोकाशी असलेली मांसल गादी साधी नाही. तिच्यातले चिवट धागे कातडीला थेट हाडाशी बांधून ठेवतात, म्हणून सुई धरताना तिथली कातडी सरकत नाही. स्पर्श ओळखणारी टोकं तिथे दाटीनं असतात. मागून नखाचा आधार असतो. तो गेला की जमिनीवर पडलेलं नाणं उचलता येत नाही, दोऱ्याची गाठ सुटत नाही. त्यामुळे नखाखालच्या नाजूक थराला पडलेली चीर बारीक, विरघळणाऱ्या टाक्यानं नीट जुळवली नाही तर नख दुभंगलेलं किंवा वाकडं येतं. नवं नख पूर्ण यायला सहा महिने सहज लागतात, म्हणून चूक कळते तोवर वेळ निघून गेलेली असते. मुलांमध्ये एक जखम विशेष फसवी असते. नखाचं मूळ उपटून वर आलेलं दिसतं, रक्त फार नसतं, घरचे पट्टी बांधून मोकळे होतात. प्रत्यक्षात खाली हाडाची वाढ होते तीच जागा मोडलेली आणि उघडी पडलेली असते. अशी जखम स्वच्छ धुऊन हाड जागेवर बसवलं नाही तर हाडात पू होतो आणि बोटाची वाढ खुंटते. नखाच्या मुळाशी जखम असेल तर एक्स-रे काढलाच पाहिजे.

शेंडा उडाला पण हाड उघडं पडलेलं नाही, अशा वेळी काय करावं? १९७४ साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या बालरुग्णालयातल्या सिंथिया इलिंगवर्थ यांनी दारात चेमटलेल्या आणि टोक तुटलेल्या मुलांच्या बोटांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांनी फारसं काहीच शिवलं नव्हतं. जखम स्वच्छ केली, साधी पट्टी बांधली आणि वाट पाहिली. मुलांच्या बोटांची टोकं नखासकट भरून आली आणि त्यांचा आकारही चांगला राहिला. पुढे प्रौढांमध्येही हीच वाट सिद्ध होत गेली. जखमेवर पातळ, पारदर्शक चिकटणारं आवरण लावायचं, ते साधारण आठवड्यानं बदलायचं आणि चार ते सहा आठवडे धीर धरायचा. आत तपकिरी द्रव साचतो, त्याला घाण वास येतो आणि इथेच घरचे घाबरतात. तो वास म्हणजे पू असं नाही. लाली बोटावर वर सरकू लागली, ठणका वाढला, ताप आला, तर मात्र लगेच दाखवायला हवं, आणि मधुमेही माणसानं तर पहिल्या दिवसापासून डॉक्टरांच्या नजरेखाली राहायला हवं.

अशा भरून आलेल्या शेंड्याला स्पर्श बहुधा चांगला कळतो, कारण तिथे दुसरीकडची कातडी आणून बसवलेली नसते. तरीही हा उपचार आपल्याकडे पुरेसा वापरला जात नाही. टाके न घालता परत पाठवलं तर डॉक्टरनं काही केलंच नाही, असं नातेवाइकांना वाटतं. मग मांडीची कातडी लावली जाते, ती वर्षानुवर्षं बधिर राहते आणि थंडीत तडतडते. अनेक जण रुग्णालयात येण्याआधीच जखमेत हळद किंवा कॉफीची पूड भरतात. ती काढताना उरलासुरला जिवंत भागही दुखावतो.

हाड उघडं असेल तर झाकण लागतं. त्यासाठीच्या युक्त्या जुन्या आणि सुंदर आहेत. शेजारचीच कातडी त्रिकोणात कापून पुढे सरकवण्याची व्ही-वाय पद्धत इटलीच्या ट्रॅन्क्विली-लेआली यांनी १९३५ मध्ये मांडली, १९७० मध्ये अटासॉय आणि सहकाऱ्यांच्या लेखामुळे ती जगभर रुळली. पुढे आलेली कातडी त्याच बोटाची असल्यामुळे स्पर्श टिकतो. अंगठ्यासाठी मोबर्ग यांचा फ्लॅप, म्हणजे अंगठ्याचीच कातडी पुढे सरकवण्याची पद्धत आहे. बोटाचा पुढचा मांसल भागच गेला असेल तर शेजारच्या बोटाच्या पाठीवरची कातडी उलटवून त्यावर शिवतात आणि दोन्ही बोटं दोन ते तीन आठवडे एकमेकांना जोडलेली राहतात. तरुणाला हे झेपतं. पन्नाशीच्या, आधीच सांधे आखडलेल्या माणसाच्या मात्र दोन्ही बोटांचे सांधे त्या काळात धरतात आणि एका बोटाच्या शेंड्यापायी दोन बोटं अधू होतात.

आणि एक सरळ मार्ग उरतो. हाड थोडं मागे घ्यायचं आणि उरलेल्या चांगल्या कातडीनं टोक बंद करायचं. 'बोट आणखी कापलं' असं ऐकवलं की घरात रडारड होते. पण नीट केलेलं हे काम रोजंदारीवरच्या माणसाला सर्वांत लवकर कामावर नेतं. 'नीट' हा शब्द मात्र महत्त्वाचा. नखाची मुळं अर्धवट ठेवली तर आकड्यासारखं नख उगवतं. चेतातंतूची टोकं मागे नेली नाहीत तर त्यांची गाठ होऊन टेबलाला बोट लागताच कळ मस्तकात जाते. वाकवणारी आणि सरळ करणारी कंडरा हाडाच्या टोकावर एकमेकींना शिवून टाकली तर शेजारच्या धडधाकट बोटांचीही मूठ वळत नाही. हे काम कॅज्युअल्टीतल्या सर्वांत नवख्या डॉक्टरवर सोपवलं जातं, याची मला खंत वाटते.

तुटलेला अवयव पुन्हा जोडण्याची गोष्ट वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येते आणि येणं साहजिकच आहे. १९६२ मध्ये बॉस्टनला रोनाल्ड माल्ट यांच्या पथकानं बारा वर्षांच्या मुलाचा दंडापासून तुटलेला हात जोडला. पुढच्याच वर्षी शांघायमध्ये चेन झोंगवेई आणि सहकाऱ्यांनी एका कामगाराचा मनगटाजवळ तुटलेला हात जोडला. जुलै १९६५ मध्ये जपानमधल्या नारा इथे कोमात्सु आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली जोडून दाखवला. बोटातली रक्तवाहिनी जेमतेम एक मिलिमीटरची, कधी त्याहून लहान. तिला घालायचा टाका केसापेक्षा कितीतरी बारीक. आधी हाड जोडायचं, मग कंडरा, मग धमनी, चेतातंतू आणि शिरा. धमनी जुळली तरी रक्त परत नेणारी शीर सापडली नाही तर बोट निळं पडून तुंबतं, आणि त्या वेळी आजही जळवा लावून रक्त उतरवलं जातं. भारतात या कामाचं मोठं केंद्र कोईम्बतूरच्या गंगा रुग्णालयात डॉ. एस. राजा सभापती यांनी उभं केलं. देशोदेशीचे शल्यचिकित्सक तिथे शिकायला येतात.

पण तुटलेलं प्रत्येक बोट जोडावं असं नाही. अंगठा असेल, अनेक बोटं असतील, तळव्यापासून हात गेला असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर जोडण्याचा प्रयत्न करायलाच हवा. अंगठा गेला की हाताची निम्मी पकड गेली. तो जोडता आला नाही तर पायाचं बोट आणून अंगठा घडवता येतो. इंग्लंडमध्ये जॉन कॉबेट यांनी १९६८ मध्ये ते करून दाखवलं, आणि अशा शस्त्रक्रिया आज भारतातही होतात. मात्र प्रौढ माणसाचं एकच बोट मधल्या सांध्याच्या मागे तुटलं असेल, तर जोडलेलं बोट जगतं पण बहुधा ताठ राहतं. त्यासाठी अनेक तासांची शस्त्रक्रिया, महिन्यांची रजा आणि कर्ज घ्यावं का, हा प्रश्न रुग्णापुढे स्पष्ट मांडायला हवा. सुरीनं किंवा करवतीनं तुटलेलं बोट आणि प्रेसखाली चेंदामेंदा झालेलं बोट यांच्या नशिबातही मोठा फरक असतो.

इथे पहिल्या तासाबद्दल सांगितलंच पाहिजे. रक्त वाहतंय तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा. दोरी किंवा रबर आवळून तासन्‌तास ठेवू नका. तुटलेला भाग स्वच्छ पाण्यानं हलका धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवलेलं बोट गोठून मरतं. स्पिरिटमध्ये, जंतुनाशकात किंवा दुधात बुडवलेलंही कामाला येत नाही. बोट कातडीच्या पट्टीनं लटकत असेल तर ती पट्टी तोडू नका, तिच्यात एखादी शीर शिल्लक असू शकते. बोटात स्नायू नसतात म्हणून ते नीट थंड ठेवलं तर चोवीस तासांपर्यंतही जोडता येतं. साध्या हवेत ती मुदत बारा तासांच्या आसपास. मनगटाच्या वर तुटलेल्या हाताला मात्र सहाच तास, कारण त्यात स्नायू असतात. आणि गाडी काढण्याआधी फोन करून विचारा की सूक्ष्मशस्त्रक्रिया करणारे सर्जन आत्ता आहेत का. तीन रुग्णालयांच्या दारांतून परत फिरण्यातच हे तास जातात. जोडून झाल्यावर तंबाखू आणि विडी-सिगारेट पूर्ण बंद, कारण निकोटिननं त्या एक मिलिमीटरच्या वाहिन्या आवळतात.

हाताच्या प्रत्यारोपणाबद्दल लोक हमखास विचारतात. ल्योंमध्ये १९९८ साली, कोचीत २०१५ साली आणि मुंबईत २०२० साली ते झालं. दोन्ही हात गमावलेल्यांसाठी ते वरदान आहे. पण दुसऱ्याचा हात टिकवण्यासाठी आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, म्हणून गेलेल्या बोटांवर तो उपाय नव्हे.

बोट तुटलेलं नसतानाही अनेक माणसं ज्या जखमेमुळे अधू होतात, ती बाहेरून क्षुल्लक दिसते. काच लागली, नारळ सोलताना सुरी घसरली, तळव्यात दोन सेंटिमीटरची चीर पडली, दोन टाके घालून माणूस घरी गेला. महिन्यानं लक्षात येतं की बोटाचं टोक वाकतच नाही. आत कंडरा तुटलेली असते. टाके घालण्याआधी प्रत्येक सांधा वेगळा वाकवून पाहायचा आणि बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श कळतो का ते विचारायचं, एवढं केलं की हे टळतं. ऑटोमोबाइल वर्कशॉपमध्ये आणखी एक फसवी जखम होते. ग्रीसगन किंवा रंगाच्या स्प्रेची धार बोटाला लागते, टाचणीएवढं छिद्र दिसतं, दुखत फारसं नाही. पण आत रसायन कंडरेच्या नळीतून पसरलेलं असतं. काही तासांत बोट उघडून धुतलं नाही तर ते कापावं लागण्याची भीती मोठी असते.

तळव्यापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या अरुंद नळीत कंडरा तुटली तर ती लगेच शिवू नये, असं अमेरिकेचे स्टर्लिंग बनेल सांगत, कारण शिवलेली कंडरा नळीला चिकटून बसे. त्या जागेचं नावच 'नो मॅन्स लँड' पडलं. १९६० च्या दशकात लुईव्हिलच्या हॅरोल्ड क्लाइनर्ट यांनी तिथेच ताबडतोब शिवण घालून आणि रबरबँडच्या आधारानं बोट लवकर हलवून दाखवलं. आजच्या शिवणी इतक्या मजबूत असतात की काही दिवसांतच, थेरपिस्टच्या देखरेखीखाली, बोट हलवायला सुरुवात होते. कॅनडाच्या डोनाल्ड लालोंड यांनी रुग्णाला पूर्ण जागं ठेवून, फक्त जागेवरच्या भुलीत ही शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ केली. रुग्ण टेबलावरच बोट वाकवतो आणि शिवण धरते की नाही हे सर्जनला डोळ्यांनी दिसतं. भूलतज्ज्ञ वेळेवर न मिळणाऱ्या आपल्या तालुक्याच्या रुग्णालयांसाठी याहून सोयीचं काही नाही. पण शिवलेली कंडरा पूर्ण ताकदीला यायला बारा आठवडे लागतात. सहाव्या आठवड्यात 'आता बरं आहे' म्हणून बादली उचलली की ती तुटते.

चेतातंतू तर दिवसाला सुमारे एक मिलिमीटरनंच वाढतो. मनगटाशी शिवलेला चेतातंतू बोटाच्या टोकाला पोचायला कित्येक महिने जातात. या काळात झिणझिण्या येतात, आग होते, मुंग्या येतात. ही बरं होण्याची खूण आहे, हे रुग्णाला आधीच सांगितलं तर तो घाबरून उपचार सोडत नाही.

टाके निघाल्यावरचा काळ हा माझ्या मते या विषयाचा सर्वांत उपेक्षित भाग. हाताला सूज आली की ती डिंकासारखी सांध्यांत आणि कंडरांभोवती बसते. म्हणून पहिल्या दिवसापासून हात हृदयाच्या वर धरायचा. गळ्यातल्या झोळीत खाली लोंबता ठेवायचा नाही. हाताला प्लॅस्टर किंवा फळी लावायचीच असेल तर तळव्यालगतचे मोठे सांधे वाकवून आणि पुढची बोटं सरळ ठेवून. उलट केलं, म्हणजे मोठे सांधे सरळ आणि बोटं वाकलेली ठेवली, तर सांध्यांचे बंध आखडतात आणि न दुखावलेली बोटंही कामातून जातात. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा आणि सळ्यांची बाहेरून आधार देणारी 'जेस' ही चौकट घडवली. स्वस्त, हलकी आणि आपल्या कारागिरांनी बनवता येईल अशी. तिच्यामुळे मोडलेलं हाड धरून ठेवूनही शेजारचे सांधे हलते ठेवता येतात.

पुढचं काम हँड थेरपिस्टचं. भरून आलेल्या टोकाला आधी मऊ कापड, मग तांदळात, मग ज्वारीत बोट फिरवून स्पर्शाची सवय लावतात. कंडरा एकमेकींवरून सरकण्याचे व्यायाम दिवसातून अनेकदा करायचे असतात. काहींचा हात विनाकारण लाल, घामट, असह्य दुखरा होतो. तो रुग्णाचा कांगावा नसून स्वतंत्र आजार असतो आणि त्यावर लवकर उपचार लागतात. थंडीत बोट दुखणं तर वर्ष-दोन वर्षं चालतं. शिवाय मन असतं. लग्नकार्यात हात खिशात लपवणारे, ताट धरताना संकोचणारे तरुण मी पाहिले आहेत. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या वाकलेल्या बोटांवर कंडरा बदलून बसवायला सुरुवात केली, तेव्हा शस्त्रक्रियेच्या जोडीला त्यांनी हात शिकवण्याचं आणि रोजगाराचं कामही उभं केलं. उपचार पगाराशी जोडलेला असतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

आपल्याकडे तो धागा इथेच तुटतो. कंत्राटी कामगाराला आठवड्यातून तीनदा थेरपीला जायचं तर बसचं भाडं आणि बुडालेली मजुरी त्याच्याच अंगावर. म्हणून तिसऱ्या आठवड्यात तो ताठ बोटांनी पुन्हा प्रेसवर उभा राहतो. राज्य विमा योजनेत त्याची नोंद असेल तर कामावर झालेल्या जखमेसाठी बरं होईपर्यंत सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि कायमच्या अपंगत्वासाठी पुढे दरमहा लाभ. पण अनेकांना विम्याचं कार्ड अपघात झाल्यावरच मिळतं, हे 'क्रश्ड'च्या अहवालांनी वारंवार नोंदवलं आहे. आणि वैद्यकीय मंडळापुढे तो उभा राहतो तेव्हा पुन्हा पेरंच मोजली जातात. स्पर्श, वेदना, पकडीची ताकद आणि पूर्वीचं काम आता जमतं का, या चार गोष्टी त्या तपासणीत सक्तीच्या झाल्या पाहिजेत. थेरपीचे दिवस भरपगारी धरले पाहिजेत. आणि दोन्ही हातांनी बटण दाबल्याशिवाय न चालणारी, हात आत असताना थांबणारी प्रेस नसेल, तर ती प्रेस बंद ठेवली पाहिजे.

तुमच्या घरातलं किंवा शेजारचं कुणी कामावर जखमी झालं, तर रुग्णालयाच्या पहिल्याच केसपेपरवर अपघात कामाच्या जागी, कोणत्या यंत्रावर आणि किती वाजता झाला हे लिहून घ्या. 'घरी दारात बोट सापडलं असं सांग' असा आग्रह झाला तर ऐकू नका. भरपाईचा दावा त्याच कागदावर उभा राहतो.